भिंत आधी, कोनाडा नंतर

नुकतेच पदवीधर झालेले वैद्यबंधू आणि भगिनी भेटल्या की आम्हांस अलीकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो. आमच्या वेळी तो 'दवाखाना कोठे टाकावा?' असा असे. आता तो 'विशेष क्षेत्र कोणते घ्यावे?' असा झाला आहे. प्रश्नात गैर काहीच नाही. मात्र विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या मनात कायचिकित्सा, पंचकर्म किंवा शल्यतंत्र यांतील पदव्युत्तर शिक्षण नसते. त्यांना 'लाइफ कोच', 'वेलनेस कोच' किंवा 'जीवनशैली-मार्गदर्शक' म्हणून काम सुरू करावयाचे असते, आणि त्या कामातील विशेष क्षेत्र आजच, पहिला रुग्ण पाहण्यापूर्वी, ठरवावयाचे असते.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आंतरवासितेच्या काळात आमच्या दवाखान्यात काही महिने येऊन बसलेली एक तरुण वैद्या भेटावयास आली. हुशार, कष्टाळू मुलगी. तिने लाइफ कोच होण्याचा एक अभ्यासक्रम बरेच शुल्क भरून पूर्ण केला होता. तेथे पहिला धडा मिळाला तो असा की, आधी आपली 'निश' ठरवा. निश ठरल्यावाचून व्यवसाय चालत नाही. तिने वहीच्या पानावर चार नावे लिहून आणली होती : वजन घटविणे, पी.सी.ओ.डी., केस व त्वचा, गर्भसंस्कार. ती म्हणाली, "सर, ह्यांतले कोणते घेऊ? तुम्ही सांगाल ते घेते."

आम्ही विचारले, "ह्या चारांपैकी कोणत्या तक्रारीचा रुग्ण तू पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत पाहिला आहेस?" ती गप्प राहिली.

तिला त्या दिवशी दिलेले उत्तर अपुरे होते. ते पुरते करावे, आणि ते देण्याचा अधिकार आम्हांस ज्या चुकीतून मिळाला तीही सांगावी, यासाठी हा लेखनप्रपंच.

कोनाड्याचा अर्थ

'निश' ह्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ भिंतीतील कोनाडा असा आहे. आपल्या जुन्या वाड्यांत कोनाडे होते. त्यांत दिवा ठेवीत, देव ठेवीत. पण कोनाडा निघत असे तो हात-दीड हात रुंदीच्या भिंतीत. आजच्या चार इंची भिंतीत कोणी कोनाडा काढू लागला तर पलीकडच्या खोलीत भोक पडेल. विशेष क्षेत्राचे तसेच आहे. सर्वसाधारण चिकित्सेची भिंत पुरेशी जाड झाल्यावर तिच्यात कोनाडा काढता येतो. भिंत नसता काढलेल्या कोनाड्यात दिवा ठरत नाही.

विशेषज्ञता ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे आणि आयुर्वेद समग्रतेचे शास्त्र आहे, असे म्हणून काही ज्येष्ठ ह्या प्रश्नाची बोळवण करतात. हे आम्हांस मान्य नाही. आपले शास्त्रच अष्टांग आहे. चरकसंहितेत, पक्व गुल्मात जेथे शस्त्रकर्माची वेळ येते तेथे तो अधिकार धान्वंतर संप्रदायाच्या वैद्यांचा आहे, असे स्पष्ट सांगून विषय त्यांच्या हाती दिला आहे. नेत्ररोगांच्या प्रसंगीही, हे दुसऱ्या तंत्राचे क्षेत्र असल्याने आपण विस्तार करीत नाही, अशी भूमिका घेतली आहे. आपल्या क्षेत्राची सीमा ओळखून रुग्ण योग्य हाती सोपविण्याचा हा विनय दोन सहस्र वर्षांपूर्वीचा आहे.

पण दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. सुश्रुताचार्यांनी सांगितले आहे की, एकच शास्त्र शिकणाऱ्यास त्या शास्त्राचाही निश्चय कळत नाही, म्हणून वैद्याने बहुश्रुत असावे. व्यवसायारंभासंबंधी त्यांनी सूत्रस्थानात विशिखानुप्रवेशनीय नावाचा स्वतंत्र अध्यायच लिहिला. त्यात व्यवसायात पाऊल ठेवू इच्छिणाऱ्याकडून अपेक्षा कोणत्या? शास्त्र शिकलेले असावे, त्याचा अर्थ जाणलेला असावा, कर्म पाहिलेले असावे, हाताने अभ्यास केलेला असावा, आणि राजाची अनुज्ञा घेतलेली असावी. वेश, छत्र, पादत्राण यांचा उल्लेख येतो तो त्यानंतर. आजच्या भाषेत सांगावयाचे तर जाहिरात, नाममुद्रा आणि छायाचित्रे ही छत्र आणि पादत्राणे आहेत. ती असावीत, पण क्रमाने.

लाइफ कोचकडून काय घ्यावे

लाइफ कोच हा व्यवसाय अमेरिकेत गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात संघटित झाला. थॉमस लेनर्ड यांनी १९९५ मध्ये ह्या व्यावसायिकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. हा व्यवसाय स्वतःस चिकित्सा म्हणवीत नाही. समोरची व्यक्ती निरोगी आणि समर्थ आहे, तिला ध्येय ठरविण्यास आणि त्याप्रमाणे वागण्यास साह्य हवे आहे, हे त्याचे गृहीतक आहे. आपल्या देशात वैद्यास कायद्याने नोंदणी करावी लागते; लाइफ कोच म्हणवून घेण्यास अशी कोणतीही वैधानिक नोंदणी लागत नाही.

ह्या मंडळींची थट्टा करणे सोपे आहे. तथापि प्रामाणिकपणे पाहू गेल्यास त्यांच्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. ते समोरच्या माणसाचे पाऊण तास ऐकून घेतात; आपल्यापैकी किती जण रुग्णाचे पाच मिनिटांहून अधिक ऐकतात? ते दर आठवड्यास विचारपूस करतात. आपण पथ्याचा छापील कागद हाती देतो आणि पथ्य न पाळल्याबद्दल रुग्णास रागावतो. दिनचर्या, ऋतुचर्या, सद्वृत्त, आचाररसायन, सत्त्वावजय हे सारे आपल्या ग्रंथांत असताना लोकांना जगण्याचा सल्ला घेण्यासाठी अन्यत्र जावे लागते, ह्यात दोष आपलाही आहे. म्हणून तरुण वैद्यांनी जीवनशैली-मार्गदर्शन हे कार्यक्षेत्र म्हणून स्वीकारावे, असेच आमचे मत आहे.

आक्षेप एवढाच की, लाइफ कोचचे गृहीतक वैद्याने उसने घेऊ नये. आपल्यासमोर बसलेला माणूस निरोगी आहे हे आपण गृहीत धरू शकत नाही. ते आपणांस परीक्षेने ठरवावे लागते. ही परीक्षक दृष्टी हेच साडेचार वर्षांच्या अभ्यासाचे आणि एका वर्षाच्या आंतरवासितेचे फळ आहे. जे क्षेत्र निवडल्याने ही दृष्टी मिटू लागते, ते क्षेत्र वैद्यासाठी चुकीचे, मग त्यास बाजारात कितीही मागणी असो.

आमची चूक

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. सन २००४ मध्ये पदवी घेऊन आम्ही पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी दवाखाना उघडला. पाच-सहा वर्षे जेमतेम चालली. कर्जाचे हप्ते होते, जागेचे भाडे होते. अशात एका शहरातील कार्यशाळेस गेलो. स्थौल्यचिकित्सेस केवढी मागणी आहे हे तेथे ऐकले आणि परत येऊन २०१० मध्ये दवाखान्याच्या पाटीखाली दुसरी पाटी लावली : 'वजन नियंत्रण व जीवनशैली मार्गदर्शन केंद्र'. कार्यशाळेत मिळालेला नोंदीचा नमुनाच छापून घेतला. त्यात रकाने चार : तारीख, वजन, कंबर, पुढील उद्दिष्ट. केंद्र चालू लागले. उद्वर्तन, आहार, चालणे आणि दर आठवड्यास वजनाची नोंद, असा क्रम होता.

त्या केंद्रात एक शिक्षक येत असत. वय पंचेचाळीसच्या आसपास, देह स्थूल, स्वभाव अत्यंत शिस्तीचा. पहिल्या महिन्यात त्यांचे वजन तीन किलोंनी उतरले, दुसऱ्या महिन्यात आणखी पाच किलोंनी. आम्हांस कोण आनंद! इतर सभासदांसमोर त्यांना उभे करून आम्ही त्यांचे कौतुक केले. पुढील आठवड्यात ते आले नाहीत. त्यांच्या पायास जखम झाली होती, ती चिघळली, आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तेथे रक्तातील साखर चारशेच्या वर निघाली. सुदैवाने पाय वाचला.

आम्ही भेटावयास गेलो. त्यांनी दोष दिला नाही. एवढेच म्हणाले, "वैद्यसाहेब, महिनाभर तहान फार लागत होती; रात्री चार-चार वेळा उठत होतो. पण वजन उतरत होते आणि तुम्ही शाबासकी देत होतात. म्हटले, हे औषधाचेच लक्षण असेल."

त्या रात्री आम्ही चरकसंहितेतील अष्टौनिंदितीय अध्याय पुन्हा उघडला. अतिस्थूल व्यक्तीचे जे आठ दोष तेथे सांगितले आहेत त्यांत तृष्णेचा अतियोग आहे. प्रमेही दोन प्रकारचे, एक स्थूल व बलवान आणि दुसरा कृश व दुर्बल, आणि दोहोंची चिकित्सा भिन्न, हेही प्रमेहचिकित्सितात आहे. ते शिक्षक आमच्या डोळ्यांदेखत पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात चालले होते आणि आम्ही टाळ्या वाजवीत होतो. हे सर्व आम्ही परीक्षेत लिहून उत्तीर्ण झालो होतो. पण आमच्या चार रकान्यांत मूत्राचा रकाना नव्हता, तृष्णेचा नव्हता. नव्या क्षेत्राने नवा कागद दिला होता, आणि त्या कागदाने जे विचारले तेवढेच आम्ही विचारले.

दुसरी पाटी आम्ही उतरविली.

मग क्षेत्र कसे सापडले

त्यानंतर आम्ही एक काम केले, जे आरंभीच करावयास हवे होते. सहा वर्षांचे केसपेपर काढून बसलो आणि वाचू लागलो. आम्हांकडे कोण येते? कोणत्या तक्रारीसाठी येते? कोण टिकते, कोणास उपशय मिळतो? आठवडाभर हे काम चालले. निष्कर्ष अनपेक्षित होता. आमच्या रुग्णांत सर्वांत मोठा आणि सर्वांत चिकाटीचा गट जवळच्या साखर कारखान्यातील कामगारांचा होता. अम्लपित्त, मलावष्टंभ, निद्रानाश, शिरःशूल, चिडचिड. तक्रारी वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळ्या नावांनी लिहिलेल्या. मूळ एकच : आठवड्याने बदलणारी पाळी. गळीत हंगाम सुरू झाला की तीन पाळ्यांत काम चाले. ह्या आठवड्यात दिवसपाळी, पुढच्यात रात्रपाळी. रात्रिजागरण, दिवास्वाप, विषमाशन आणि वेगावरोध ही चारही कारणे एकाच माणसाच्या ठायी, आणि तीही वर्षानुवर्षे.

पाठ्यपुस्तकातील दिनचर्या ब्राह्ममुहूर्ती उठण्यापासून सुरू होते. बॉयलरवरचा फायरमन त्या वेळी पाळी संपण्याची वाट पाहत असतो. ह्या माणसास आम्ही सहा वर्षे 'लवकर निजा, लवकर उठा' असे छापील पथ्य देत होतो!

ज्या अष्टौनिंदितीय अध्यायात स्थौल्य आहे, त्याच्याच उत्तरार्धात निद्रेचे विवेचन आहे. स्थौल्यासाठी तो अध्याय आम्ही कितीदा तरी चाळला होता. उत्तरार्ध मात्र परीक्षेपुरताच वाचला होता. दिवसा निजणे सामान्यतः निषिद्ध, पण रात्रिजागरणाने क्षीण झालेल्यांस अनुज्ञा आहे, हे तेथे आहे. वाग्भटाचार्यांनी तर प्रमाणही सांगितले : जागरणाची सवय नसता जितका काळ जागावे लागले, त्याच्या निम्मा काळ सकाळी, आणि तोही जेवणापूर्वी, निजावे. आमचे कामगार नेमके उलट करीत. सकाळी घरी येत, भरपेट भाकरी-कालवण जेवत आणि लगेच आडवे होत. केवळ हा क्रम बदलला, म्हणजे आल्यावर भूक असह्य असेल तर थोडीशी पेज, मग झोप, आणि उठून स्नान केल्यावर भोजन असा ठेवला, तरी कित्येकांचे अम्लपित्त औषधाची मात्रा न वाढविता हलके झाले. हा आमच्या दवाखान्यातील अनुभव आहे. सिद्ध झालेले संशोधन म्हणून आम्ही तो मांडीत नाही.

हळूहळू मंगळवार आणि गुरुवारची दुपार आम्ही पाळीत काम करणाऱ्यांसाठी राखून ठेवू लागलो. कामगारांमागून रुग्णालयातील परिचारिका आल्या, पोलीस आले, एस.टी.चे चालक आले, महाविद्यालयीन मुलांचे आईबाप आपल्या रात्र-रात्र जागणाऱ्या मुलांना घेऊन आले. आधुनिक विज्ञानही ह्या विषयाकडे आता गांभीर्याने पाहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००७ मध्ये जैविक घड्याळ बिघडविणाऱ्या पाळीच्या कामाची, आणि २०१९ मध्ये पुनर्विचारानंतर रात्रपाळीची, गणना मानवास बहुधा कर्ककारक असणाऱ्या गटात केली. आम्ही हे क्षेत्र निवडण्यास बसलो असतो तर ते कधीच सुचले नसते. कोणत्याही कार्यशाळेत त्याचे नाव नव्हते.

निवडीपूर्वी तीन प्रश्न

आमची सहा वर्षे वाया गेली तशी तरुणांची जावीत असे आम्ही म्हणत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात भिषक् होऊ इच्छिणाऱ्याने कार्याचे गुरुलाघव, कर्माचे फल, अनुबंध, देश आणि काल यांचा विचार करून मग शास्त्राची निवड करावी असे सांगितले आहे. त्याच अध्यायात पुढे, कार्य हाती घेण्यापूर्वी 'हे करण्यास मी समर्थ आहे किंवा नाही' अशी वैद्याने प्रथम स्वतःचीच परीक्षा करावी, असाही उपदेश आहे. त्याच धाग्यावर तीन प्रश्न आम्ही सुचवितो.

पहिला प्रश्न : ह्या क्षेत्रात मार्गदर्शनासाठी येणाऱ्यांमधून खरा रोगी कोण, हे मला ओळखता येते काय? वजनाच्या क्षेत्रात अकारण घटणारे वजन, अतितृष्णा, बहुमूत्रता, तसेच अवटू ग्रंथीच्या विकाराने वाढलेले वजन. पाळीच्या तक्रारींच्या क्षेत्रात गर्भधारणेची शक्यता, अतिरक्तस्राव. केसांच्या क्षेत्रात पांडुरोग, प्रसूतीनंतरचा काळ, मोठ्या ज्वरानंतरची अवस्था. अशी यादी ज्याला न पाहता सांगता येत नाही, त्याने त्या क्षेत्राची पाटी लावू नये. 'ताणतणाव आणि नैराश्य' हे क्षेत्र निवडणाऱ्यांनी तर अधिकच जपून असावे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत 'मनोविज्ञान व मानसरोग' ह्या विषयातील आयुर्वेदीय पदव्युत्तर पदवीधारकांना स्थान दिले आहे. ज्यांना ह्या विषयाची ओढ आहे त्यांच्यासाठी हा राजमार्ग खुला आहे. चार दिवसांच्या कार्यशाळेची आडवाट कशास? आणि जीव नकोसा झाल्याची भाषा ज्याच्या तोंडी येते, त्याला पुढील आठवड्याची वेळ न देता त्याच दिवशी, सोबत माणूस देऊन, मनोविकारतज्ज्ञाकडे पोचविणे हे कोणत्याही शाखेच्या वैद्याचे कर्तव्य होय.

दुसरा प्रश्न : ह्या माणसांचा दिवस मला माहीत आहे काय? जीवनशैलीचा सल्ला देणाऱ्याने ती जीवनशैली पाहिलेली असावी. इचलकरंजीच्या यंत्रमागावरील कामगार, मुंबईच्या लोकलने रोज चार तास प्रवास करणारी नोकरदार स्त्री, पुण्यात परदेशी वेळेनुसार संगणकावर बसणारा तरुण, विदर्भातील कापूस उत्पादक. ह्यांपैकी प्रत्येकाचे विषमाशन वेगळे आहे. ज्या भागात आपण राहतो, ज्यांच्या घरी जेवलो आहोत, ज्यांची बोली समजते, त्यांच्यातूनच क्षेत्र उगवू द्यावे. 'देश' ह्या परीक्ष्य भावाचा अर्थ येथे इतका सरळ आहे.

तिसरा प्रश्न : माझ्या आवाक्याबाहेरचे आढळल्यास ते कोणाकडे पाठवू? नावे आणि दूरध्वनी क्रमांक तयार हवेत. आजही आमच्या टेबलाच्या खणात एक कागद आहे. त्यावर गावातील एक फिजिशियन, एक स्त्रीरोगतज्ज्ञ, एक मनोविकारतज्ज्ञ आणि आमच्याहून श्रेष्ठ असे दोन वैद्य यांचे क्रमांक आहेत. रुग्ण पाठविल्याने उत्पन्न घटते ही भीती आम्हांसही होती. अनुभव उलट आला. पाठविलेला रुग्ण पथ्यासाठी परत येतो आणि येताना भावालाही घेऊन येतो.

ह्या तीनही प्रश्नांची उत्तरे रुग्णनोंदवहीत मिळतात. नव्या वैद्याने पहिल्या दिवसापासून वही ठेवावी. प्रत्येक रुग्णास एक ओळ : वय, व्यवसाय, अग्नी, निद्रा, मल-मूत्र, तृष्णा, मुख्य तक्रार, आणि तीन महिन्यांनंतरची स्थिती. तीनशे ओळी झाल्या की एका सुटीच्या दिवशी ती वही आरंभापासून वाचावी. कोनाडा कोठे काढावयाचा ते ती भिंतच दाखवील.

पोटाचा प्रश्न आणि औषधालये

ह्यावर तरुणांचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे, आणि तो खरा आहे. 'तीनशे ओळी भरेपर्यंत घरभाडे कोण देणार? नाव झाल्यावाचून रुग्ण येत नाही, आणि विशेष क्षेत्रावाचून नाव होत नाही.' चुकीची पाटी लावताना आम्हीही हेच म्हणत होतो. म्हणून आमचा सल्ला तडजोडीचा आहे. सकाळची ओ.पी.डी. सर्व रुग्णांसाठी खुली ठेवावी. आठवड्यातील एक दुपार एका विशिष्ट गटासाठी राखावी. आरंभी त्या गटाची ओळख रोगाच्या नावाने न करता माणसाच्या नावाने करावी : 'पाळीत काम करणाऱ्यांसाठी', 'नवप्रसूतांसाठी', 'निवृत्तांसाठी'. असे केल्याने परीक्षेचे दार उघडे राहते. वर्षाच्या अखेरीस क्षेत्र चुकले असे वाटले तर बदलण्यात नामुष्कीही होत नाही.

ह्यात कायद्याचीही सोय आहे. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत मधुमेह, स्थौल्य आणि स्त्रियांचे वंध्यत्व यांचा समावेश आहे. नोंदणीकृत व्यावसायिकास आपल्या दवाखान्याच्या जागेत, येथे ह्या रोगाची चिकित्सा होते, एवढी पाटी लावण्यास मुभा आहे. अनुसूचीतील रोग औषधाने बरा करण्याची जाहिरात करण्यास नाही. 'नव्वद दिवसांत मधुमेहमुक्ती'सारखी वाक्ये ज्या कार्यशाळांत शिकविली जातात, तेथे ह्या कायद्याचे नाव घेतल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.

ह्या नियतकालिकाचे वाचक असलेल्या औषधनिर्मात्यांना आणि औषधालयांच्या मालकांनाही दोन शब्द. नव्या वैद्याची विशेष क्षेत्राची निवड पुष्कळदा तुमच्या प्रतिनिधीच्या पिशवीतून होते. 'पी.सी.ओ.डी. किट', 'हेअर किट', 'वेट लॉस किट', त्यावर योजना, त्यासोबत छापील आहारपत्रक. किट तयार असले की क्षेत्र तयार झाले, असा भ्रम होतो. आमच्या चार रकान्यांच्या कागदासारखेच हे आहे. किटमध्ये जे आहे तेवढेच वैद्य पाहू लागतो. तुमचा व्यापार चालावा असेच आम्हांस वाटते. परंतु तुम्ही एकेकटी चूर्णे आणि क्वाथद्रव्ये लहान प्रमाणात, उत्तम प्रतीची, नियमित उपलब्ध ठेवली, तर रुग्णागणिक योजना करणारा वैद्य तयार होईल. आणि असा वैद्य वीस वर्षे तुमचा ग्राहक राहतो. किटवर उभा राहिलेला वैद्य पुढच्या वर्षी दुसऱ्या किटकडे जातो. तसेच दुकानात येऊन थेट किट मागणाऱ्यास 'एकदा वैद्यांना दाखवून घ्या' एवढे म्हणण्याची सवय आपल्या सेवकांस लावावी, ही नम्र विनंती.

समारोप

त्या तरुण वैद्येस आम्ही त्या दिवशी एवढेच सांगितले होते की, चारही नावे सध्या खोडून टाक. ती नाराज होऊन गेली, आणि ते स्वाभाविक होते. आम्ही तिचा रस्ता अडविला, पुढचा दाखविला नाही. गेल्या महिन्यात तिला बोलावून घेतले आणि एक कोरी वही दिली. वरील रकाने तिच्यात आखून दिले. तृष्णेचा रकाना कशासाठी, असे तिने विचारले, तेव्हा शिक्षकांची हकीकत सांगितली. आता ती तिच्या गावी सकाळी दवाखान्यात बसते. तिच्या मनात अजून गर्भसंस्कारच आहे. असेलही ते तिचे क्षेत्र. सव्वाशे ओळी झाल्याचा निरोप परवा आला.

ते शिक्षक आता निवृत्तीच्या वाटेवर आहेत. साखर आटोक्यात आहे. वर्षातून दोनदा तरी दवाखान्यात येतात आणि खुर्चीत बसण्यापूर्वीच सांगतात, "तहान बेताची आहे, वैद्यसाहेब." ते गमतीने म्हणतात, आम्ही मात्र ते दरवेळी वहीत लिहितो.

वरील विचारांशी ज्येष्ठांचा आणि तरुणांचा मतभेद असू शकेल. तो त्यांनी ह्याच पानांतून अवश्य मांडावा. आम्ही आदराने वाचू. इत्यलम्.